‘भूल देताना धोका आहे, सही करा’ म्हणजे नेमकं काय?

संकेश्वर, निपाणी, हुक्केरी, गडहिंग्लज या आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची मांडणी आज एकसारखी आहे. आईवडील गावी आणि मुलं पुण्यात, बेंगळुरूत किंवा त्याहून लांब. असा फोन बहुतेक वेळा रात्रीच येतो. पलीकडे काका किंवा शेजारी असतात. ‘बाबांचं आतडं फुटलंय म्हणतात. लगेच ऑपरेशन करायचंय. भूल देताना जिवाला धोका आहे असं लिहिलेल्या कागदावर सही मागताहेत. काय करू?’

आपण घाईघाईत विचारतो ते प्रश्न ठरलेले असतात. सर्जन कोण आहेत? खर्च किती येईल? बेळगावला न्यायचं की कोल्हापूरला? संकेश्वरहून महामार्गानं बेळगाव सुमारे ५० किलोमीटर आणि कोल्हापूर साठ-पासष्ट किलोमीटर, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे हटकून येतो. पण भूल कोण देणार, कोणती देणार आणि काय बघून देणार, हे सहसा कुणी विचारत नाही. अत्यवस्थ माणसाच्या बाबतीत मात्र सर्जनच्या सुरीइतकाच हा निर्णय महत्त्वाचा असतो. आणि तो नीट व्हायला लागणारी निम्मी माहिती डॉक्टरांकडे नसते, ती आपल्या घरात असते. म्हणून हा लेख.

भूल म्हणजे एक इंजेक्शन नव्हे

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत मोठं ऑपरेशन म्हटलं की ‘मिरजेला नेलं’ असं म्हणत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं सुरू केलेल्या रुग्णालयात दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातले लोक गाडीघोड्यानं जात. तो जमाना ईथर आणि क्लोरोफॉर्मचा होता. तोंडावर जाळी, त्यावर कापड आणि कापडावर थेंब थेंब औषध. झोप, वेदना थांबवणं आणि स्नायू सैल करणं ही तिन्ही कामं त्या एकाच औषधाकडून करून घ्यायची, त्यामुळे त्याचं प्रमाण भरपूर लागायचं आणि धोकाही तितकाच असायचा.

आज ही कामं वेगवेगळी औषधं करतात. झोपेसाठी एक, वेदनेसाठी दुसरं (बहुतेकदा फेंटानिल), स्नायू ढिले करायला तिसरं. आणि भूलतज्ज्ञांचं खरं काम चौथं असतं. तेवढा वेळ माणसाचा श्वास, रक्तदाब आणि हृदय स्वतःच्या हातानं सांभाळायचं. ठणठणीत माणसाच्या हर्नियाच्या ऑपरेशनला यांतली बरीचशी औषधं कमी-अधिक फरकानं चालून जातात. अत्यवस्थ माणसाला तशी चालत नाहीत.

उसनं अवसान

समजा, उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला एक तरुण आहे. प्लीहा फाटली आहे आणि पोटात दीड-दोन लिटर रक्त साठलं आहे. तरीही तो बोलतो आहे, रक्तदाब ९० दाखवतो आहे. नातेवाइकांना वाटतं, ‘बोलतोय की, म्हणजे ठीक आहे.’ पण तो उभा आहे तो उसन्या अवसानावर. शरीरानं ॲड्रिनलीनसारखी संप्रेरकं ओतून हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून धरल्या आहेत आणि उरलंसुरलं रक्त मेंदूकडे, हृदयाकडे वळवलं आहे.

भुलीचं औषध पहिला घाव घालतं ते याच अवसानावर. माणूस झोपला की आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब कोसळतो. वर यंत्रानं श्वास सुरू केला की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त आणखी कमी होतं. नेहमीच्या माणसात जे मिनिटभराचं चढउतार असतं, ते इथं हृदय थांबण्यापर्यंत जाऊ शकतं.

शिवाय दोन फसव्या गोष्टी असतात. रक्त कमी उरल्यामुळे आणि त्यातलं बरंचसं मेंदूकडेच जात असल्यामुळे थोडं औषधही मेंदूला जास्त पोचतं. आणि रक्ताभिसरण मंदावल्यामुळे ते पोचायला वेळ लागतो. म्हणजे घाई करणाऱ्याला वाटतं, औषध लागू पडलं नाही, अजून द्यावं. अनुभवी भूलतज्ज्ञ इथं मात्रा नेहमीच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी करतात आणि थांबून वाट बघतात.

या धड्यासाठी जगभरात एक गोष्ट सांगितली जाते. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. भाजलेल्या, रक्तस्राव झालेल्या सैनिकांना तेव्हाचं नवं औषध थायोपेंटोन दिलं गेलं आणि त्यातले काही भुलीतच दगावले. १९४३ मध्ये एका सर्जननं लेख लिहून या औषधावर कडक टीका केली. पुढं कथा इतकी फुगली की बॉम्बपेक्षा भुलीनंच जास्त माणसं मारली, असं सांगितलं जाऊ लागलं. नंतर कागदपत्रं तपासली तेव्हा मृत्यू कथेपेक्षा खूपच कमी निघाले. विशेष म्हणजे टीकेचा लेख ज्या अंकात आला, त्याच अंकात गोळी लागून रक्तस्रावानं खचलेल्या एका रुग्णाला तेच औषध थोडं थोडं देऊन सुखरूप पार पाडल्याची नोंदही होती. दोष औषधाच्या नावापेक्षा मात्रेचा आणि रुग्णाची अवस्था न ओळखण्याचा होता.

झोपेची चार औषधं

*थायोपेंटोन.* १९३४ पासूनचं जुनं औषध. झोप झटकन लागते, पण रक्तदाब उतरतो. शरीरातलं पाणी किंवा रक्त कमी झालेल्या रुग्णात ते जपूनच वापरतात.

*प्रोपोफॉल.* पांढरं, दुधासारखं दिसणारं. १९८६ मध्ये बाजारात आलं आणि आज नियोजित ऑपरेशनमध्ये सगळ्यांत जास्त दिसतं, कारण माणूस लवकर आणि ताजातवाना जागा होतो. ते शोधणाऱ्या डॉ. जॉन ग्लेन या स्कॉटिश पशुवैद्यकाला २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. पण खचलेल्या रुग्णाचा रक्तदाब तेही चांगलंच पाडतं. वापरायचंच झालं तर फार थोडं, आणि रक्तदाब वाढवणारं औषध हाताशी ठेवूनच.

*केटामाइन.* १९६२ मध्ये अमेरिकेत तयार झालं, १९७० मध्ये तिथं परवानगी मिळाली आणि व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी वापरलं गेलं. ते झोप आणतं, वेदनाही मारतं, श्वास बहुधा चालू ठेवतं आणि शरीरातल्या ॲड्रिनलीनच्या जोरावर रक्तदाब टिकवतं. म्हणूनच लहान गावातल्या दवाखान्यापासून मोठ्या ट्रॉमा सेंटरपर्यंत ते लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते अनेक वर्षं आहे. गैरवापरामुळे भारतात २०१३ मध्ये ते ‘शेड्यूल एक्स’ या कडक नियमांच्या यादीत गेलं, त्यामुळे त्याचा साठा आणि हिशेब काटेकोर ठेवावा लागतो.

पण केटामाइन म्हणजे जादू नव्हे. ज्याचं शरीर दोन-तीन दिवस जंतुसंसर्गाशी झुंजून थकलं आहे, ज्याच्याकडे खर्च करायला ॲड्रिनलीनच उरलेलं नाही, त्याच्यात ते टेकू देत नाही. उलट हृदय थोडं मंदावतं आणि रक्तदाब पडतो.

*एटोमिडेट.* हृदय आणि रक्तदाबाला सगळ्यांत कमी धक्का देणारं, म्हणून हृदयरुग्णांत भूलतज्ज्ञांच्या पसंतीचं. याचीही एक मेख आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी आजारपणात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक बनवतात. एटोमिडेट ते काम काही तास अडवतं. १९८३ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की अतिदक्षता विभागात झोपवून ठेवण्यासाठी हे औषध सतत दिलेले जखमी रुग्ण जास्त दगावत आहेत. तसं सतत देणं त्यानंतर बंद पडलं. नळी घालताना एकदाच द्यायचं की नाही, यावर वाद राहिला.

मग केटामाइन चांगलं की एटोमिडेट? फ्रान्समध्ये ६५५ रुग्णांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एटोमिडेट दिलेल्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी जास्त मंदावल्या, पण रुग्णांच्या एकूण प्रकृतीत ठळक फरक दिसला नाही. अमेरिकेत डॅलस इथं ८०१ अत्यवस्थ रुग्णांवरच्या, २०२२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सातव्या दिवशी केटामाइन गटातले सुमारे ८५ टक्के आणि एटोमिडेट गटातले सुमारे ७७ टक्के रुग्ण जिवंत होते. पण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत हा फरक उरला नाही. हे दोन्ही अभ्यास तातडीनं श्वासनळी घालाव्या लागलेल्या रुग्णांचे होते, केवळ ऑपरेशनचे नव्हेत. त्यातून घरच्यांनी घ्यायचा अर्थ एवढाच, की सगळ्यांत चांगलं असं एकच औषध नाही. त्यामुळे ‘गुगलवर अमुक औषध चांगलं लिहिलंय, तेच द्या’ असा आग्रह फोनवरून धरू नये.

भरलेलं पोट आणि आपल्या शेतातली औषधं

‘शेवटचं कधी जेवले?’ हा प्रश्न तीन वेगवेगळे लोक तीनदा विचारतात आणि नातेवाईक वैतागतात. पण झोप लागली की घशाचा पहारा उठतो. पोटातलं अन्न किंवा आम्ल वर येऊन फुफ्फुसात गेलं तर मूळ आजारापेक्षा तेच जिवावर बेततं. अपघात, वेदना आणि आतड्याचा अडथळा यांत पोट रिकामं होतच नाही. म्हणून तातडीच्या ऑपरेशनमध्ये पोट भरलेलं आहे असंच धरून चालतात. आधी भरपूर प्राणवायू देतात, मग झोपेचं आणि स्नायू ढिले करणारं औषध लागोपाठ देऊन मिनिटभरात श्वासनलिकेत नळी बसवतात.

स्नायू ढिले करायला मुख्यतः दोन औषधं आहेत. एक सक्सिनिलकोलीन, ज्याला आपल्याकडे ऑपरेशन थिएटरात ‘स्कोलीन’ म्हणतात. ते मिनिटभरात लागू पडतं आणि पाच-दहा मिनिटांत उतरतं. दुसरं रोक्युरोनियम. तेही मोठ्या मात्रेत लवकर लागू पडतं, पण बराच वेळ टिकतं. ते झटकन उतरवणारं सुगामाडेक्स हे औषध आहे, पण महाग आहे.

निवड करताना घरच्यांची माहिती कशी उपयोगी पडते, त्याची तीन उदाहरणं.

पहिलं कीटकनाशकाचं. शेतात फवारणीला वापरली जाणारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं पोटात गेली किंवा अंगातून भिनली, तर रक्तातलं एक विकर निकामी होतं. स्कोलीन शरीरातून उतरवायचं काम याच विकराचं. अशा रुग्णाला स्कोलीन दिलं तर पाच मिनिटांचा परिणाम काही तास टिकतो. त्यामुळे तिथं रोक्युरोनियमकडे वळावं लागतं. ‘विष घेतलं’ हे लाजेखातर किंवा पोलीस केसच्या भीतीनं लपवलं जातं. लपवू नका. फवारणी करून आलेला माणूस चक्कर येऊन पडला आणि जखमी झाला असेल, तर तेही सांगा, शक्य असेल तर औषधाची बाटली सोबत न्या.

दुसरं भाजण्याचं. भाजल्यानंतर एक-दोन दिवस उलटले की पुढचे कित्येक आठवडे स्कोलीन धोक्याचं असतं, कारण त्यानं रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकतं. पक्षाघात होऊन काही दिवस अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचंही तसंच. म्हणून ‘कधी भाजलं?’ आणि ‘लकवा कधी आला?’ यांची तारीख महत्त्वाची.

तिसरं आनुवंशिक. काही घराण्यांत हे विकर जन्मतःच कमी असतं. दक्षिण भारतातल्या आर्य वैश्य समाजात ते तुलनेनं जास्त आढळतं, हे भारतीय संशोधकांनी जनुकीय पातळीवर दाखवून दिलं आहे, पण ते कुणातही असू शकतं. एरवी या माणसाला कसलाच त्रास नसतो. ‘आत्याला ऑपरेशननंतर चार तास यंत्रावर ठेवलं होतं, शुद्धीवर आली पण श्वास घेता येईना’ अशी एखादी जुनी आठवण घरात असेल, तर ती भूलतज्ज्ञांना सांगायची गोष्ट आहे.

‘नुसतं कमरेत इंजेक्शन द्या ना!’

हा आपल्याकडचा आवडता सल्ला. पूर्ण भूल म्हणजे धोका, कमरेतली म्हणजे सोपी, अशी समजूत पक्की आहे. सिझेरियन, मांडीचं हाड, मूळव्याध यांत कमरेतली भूल उत्तम असते. पण रक्तस्राव झालेल्या माणसात ती पायांच्या आणि पोटाच्या आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल करते आणि मग रक्तदाब सावरणं कठीण जातं. रक्त गोठत नसेल, तर मणक्यात रक्त साठून पाय कायमचे लुळे पडण्याची भीती असते. घोणस चावलेला रुग्ण, डेंग्यूत प्लेटलेट्स खूप उतरलेला रुग्ण, रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या घेणारे आजोबा हे सगळे यात आले. उलट एखाद्या हृदयरुग्णाचा फक्त हात किंवा पाय दुरुस्त करायचा असेल, तर तेवढ्याच भागाची नस बधिर करून काम भागवता येतं. म्हणजे सोपी भूल आणि अवघड भूल असं काही नसतं. या माणसाला, या घटकेला कोणती सोसेल, एवढाच प्रश्न असतो.

औषधाआधीची दहा मिनिटं

नातेवाइकांचा जीव टांगणीला लागतो तो इथं. ‘आत नेलंय, पण अजून सुरूच करत नाहीत!’ त्या वेळात सलाईन आणि रक्त चढत असतं, दोन मोठ्या सुया लागलेल्या असतात, नॉरॲड्रिनलीनची धार सुरू होत असते, तोंडावर प्राणवायूचा मास्क असतो. रिकामी झालेली टाकी आधी थोडी भरून मग भूल दिली तर कोसळण्याची शक्यता कमी होते. जंतुसंसर्गानं खचलेल्या रुग्णात हा वेळ सोन्यासारखा असतो.

पण आत रक्त भसाभस वाहत असेल, गर्भनलिका फुटली असेल, तर थांबण्यातच धोका. मग पोट स्वच्छ करून, कापडं अंथरून, सर्जन हातमोजे घालून तयार उभे राहतात आणि त्यानंतरच भूल दिली जाते, म्हणजे रक्तदाब पडला तरी पुढच्याच मिनिटाला रक्तस्राव दाबता येतो. कुठं थांबायचं आणि कुठं नाही, हे ठरवणं हाही भुलीचाच भाग आहे.

रक्तदाब जपायला भूल हलकी ठेवली तर क्वचित रुग्णाला मधेच भान येऊ शकतं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत पूर्ण भुलीत असं होण्याचं प्रमाण एकूण सुमारे १९,००० मध्ये एक आढळलं, पण पूर्ण भुलीखालच्या सिझेरियनमध्ये ते सुमारे ६७० मध्ये एक होतं. आपल्या माणसानं नंतर ‘मला आतलं ऐकू येत होतं’ असं सांगितलं तर भास म्हणून उडवून लावू नका. भूलतज्ज्ञांना सांगा. त्याची नोंद पुढच्या वेळी उपयोगी पडते.

सही करण्याआधी

‘धोका आहे’ म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले, असं नव्हे. ऑपरेशन न करण्याचा धोका त्याहून मोठा आहे, म्हणून दोन्ही तुमच्यासमोर मांडले जाताहेत. फोनवर असाल तर भूलतज्ज्ञांशी दोन मिनिटं बोलायला मागा आणि एवढंच विचारा:

१. ऑपरेशन केलं नाही, किंवा दोन तासांनी दुसरीकडे नेऊन केलं, तर काय होईल?
२. आत्ता सगळ्यांत मोठी काळजी कशाची वाटते? श्वास, हृदय, रक्त की संसर्ग?
३. रक्ताची आणि नंतर लागणाऱ्या आयसीयूची, व्हेंटिलेटरची सोय इथं आहे का?

आणि न विचारता सांगायच्या गोष्टी: शेवटचं खाणं-पिणं (मघाशी दिलेला चहासुद्धा), रोजच्या गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, स्टेरॉइडच्या, वजन कमी करण्याची किंवा साखरेची आठवड्याची इंजेक्शनं, कारण त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं, ॲलर्जी, विडी, तंबाखू, दारू, जुनी ऑपरेशनं आणि भुलीत कुणालाही झालेला त्रास, हलणारे दात किंवा कवळी. पहिल्या दवाखान्यातून दुसरीकडे हलवलं असेल, तर तिथं काय काय दिलं त्याची चिठ्ठी ॲम्ब्युलन्ससोबत गेलीच पाहिजे. संकेश्वरहून निघालेला रुग्ण कोल्हापूरला जातो तेव्हा राज्य बदलतं आणि बेळगावला जातो तेव्हा अनेकदा बोलायची भाषा बदलते. आजीला कन्नड येत नसेल आणि डॉक्टरांना मराठी जेमतेम येत असेल, तर कागदावरची औषधांची नावं दोघांनाही उपयोगी पडतात.

यातलं बरंचसं आजच करून ठेवता येतं. या रविवारी आईबाबांना व्हिडिओ कॉल कराल तेव्हा गोळ्यांची पाकिटं कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. एका पानावर त्यांची नावं, मात्रा, आजार, ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं आणि रक्तगट लिहा. एक प्रत त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, एक शेजारच्या काकांच्या फोनवर पाठवा, एक स्वतःकडे ठेवा. गोळी बदलली की पान बदला.